टच स्विच आपल्या मनानं लागतो-विझतो? चिप बदलण्याआधी तिचा पुरवठा तपासा

तक्रारी साधारण चारच प्रकारच्या येतात. "रात्री दोन वाजता लाइट आपल्या मनानंच लागते." "सकाळी बरोबर चालते, सायंकाळी बटन धरतच नाही." "पाऊस आला का पंखा सुरू." आणि चौथी, "लाइन येते-जाते तेव्हा सगळ्या खोल्यांतले दिवे एकदम लागतात." काचेचे टच बोर्ड आता तालुक्याच्या गावातच नाही, खेड्यातल्या नव्या घरांतही बसू लागलेत, त्यामुळे हे दुखणंही गावोगावी पोचलंय. बहुतेक वेळा टच चिप किंवा अख्खं कार्ड बदललं जातं. आठ-पंधरा दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. दोष चिपमध्ये नसतो, म्हणून तो परत येतो. चिप बिचारी खरं सांगत असते. तिला मिळणारा ५ व्होल्ट, तिची 'भुई' (पुरवठ्याच्या निगेटिव्हला असलेला जमिनीचा आधार) आणि काचेमागचा ओलावा तिला खोटं वाचायला लावतात.

आधी ती नेमकं मोजते काय ते बघू, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच बेतलेले आहेत. काचेमागे तांब्याची एक चकती किंवा स्प्रिंग असते. चिप ती सतत भरते, रिकामी करते आणि तिची धारिता (विजेचा भार साठवण्याची क्षमता) मोजते. बोट काचेवर आलं की त्या धारितेत जेमतेम एक-दोन पिकोफॅरडची भर पडते. माणसाच्या शरीराची जमिनीशी असलेली धारिता १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, म्हणजे बोट हे चिपच्या दृष्टीनं जमिनीला जोडलेली एक तार. एवढ्याशा फरकावर सगळा कारभार. ५ व्होल्टमध्ये लहर (भरभर होणारा चढउतार) आली, तर मोजणाराच डळमळतो आणि बोट नसताना बोट 'दिसतं'.

सगळ्यात जास्त भेटणारी टीटीपी २२३ ही एका बटनाची सहा पायांची चिप २ ते ५.५ व्होल्टवर चालते आणि नुसती बसून असताना दोन-तीन मायक्रोअँपिअर खाते. लाइन दिल्यावर पहिला अर्धा सेकंद ती स्वतःचा मूळ आकडा ठरवते. त्या अर्ध्या सेकंदात काचेवर बोट, ओला फडका किंवा पाण्याचा ओघळ असेल तर मूळ आकडाच चुकतो. नंतर बोट न लावता काही सेकंद गेले की ती तो आकडा स्वतः सुधारून घेते. म्हणून 'लाइन आल्या आल्या बटन धरत नाही, थोड्या वेळानं धरतं' हा बिघाड नाही.

हात घालण्याआधी

घरात बसणाऱ्या बहुतेक स्वस्त टच बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टमधून एक पिवळा किंवा तपकिरी कपॅसिटर प्रवाह खाली आणतो. याचा अर्थ बोर्डावरचा '५ व्होल्ट'सुद्धा थेट मेनशी जोडलेला आहे, आणि त्याच्या निगेटिव्हला हात लावला तरी झटका बसतो. एमसीबी खाली करा. टेस्टरवर भरवसा न ठेवता फेज-न्यूट्रलमध्ये मीटरनं शून्य बघा. मगच बोर्ड काढा. त्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत भार उरलेला असू शकतो. त्याला समांतर १ मेगाओमचा रेझिस्टर असतो तो यासाठीच, पण पाव वॉटचा एकच रेझिस्टर एवढ्या व्होल्टेजला काही वर्षांत तुटतो. बदलताना ४७० किलोओमचे दोन एकामागे एक लावा. टेबलावर बोर्ड चालवायचाच असेल तर सिरीज बल्बवरून चालवा, आणि यूएसबीवर चालणारा ऑसिलोस्कोप किंवा लॅपटॉप त्याला कधीही जोडू नका.

सायंकाळी बिघडणारा बोर्ड

सकाळी ठणठणीत आणि सायंकाळी आजारी असेल तर पहिला संशय त्या कपॅसिटरवर. हिशेब सोपा आहे. १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून (अंगावर १०५ लिहिलेलं असतं) २३० व्होल्टला सुमारे ७२ मिलिअँपिअर वाहतात, ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) सरासरी ६५ उरतात. २४ व्होल्टचा छोटा रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेवरचा खटका) १५ मिलिअँपिअर घेतो. चार रिलेंचे झाले ६०. म्हणजे नव्या कोऱ्या बोर्डाचाही हात तंगच आहे.

आता दोन गोष्टी एकदम होतात. फिल्म कपॅसिटर प्रत्येक मोठ्या झटक्यात आतल्या आत थोडा जळतो आणि स्वतःला सावरतो, पण दर वेळी त्याची धारिता थोडी कमी होते. दोन-तीन वर्षांत १ चा ०.७ झालेला असतो. त्यात सायंकाळी सगळं गाव एकदम लागतं, रोहित्रापासून दूरच्या घरात व्होल्टेज १७० वर येतं. दोन्ही मिळून प्रवाह उरतो ३३-३४ मिलिअँपिअर. दोन दिवे लागलेले असताना तिसऱ्याला हात लावला तर तिसऱ्या रिलेला मिळतात जेमतेम १८ व्होल्ट. २४ व्होल्टचा रिले ओढायला एवढेच, म्हणजे पाऊण हिस्सा व्होल्टेज लागतात. कधी ओढतो, कधी नाही. काचेवरचा निळा एलईडी बदलतो, पण बल्ब लागत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बटन धरत नाही. बटन धरलेलं असतं. रिलेला बळ पुरत नाही.

कपॅसिटर आणखी उतरला, ०.३ च्या घरात आला, की लक्षण बदलतं. चार रिले लागताच पुरवठा ८ व्होल्टच्याही खाली जातो, पुढच्या ७८एल०५ ला (५ व्होल्ट कायम ठेवणारी रेग्युलेटर चिप) निदान ७ लागतात, त्यामुळे ५ व्होल्ट सेकंदाला १०० वेळा दबतो. चिप रिसेट होते, रिले सुटतात, भार हलका झाला की व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढतात. भिंतीतून टकटकटक आवाज येतो तो हा. हा आवाज ऐकू आला तर चिपकडे बघूही नका.

मोजायचं असं: कपॅसिटरचा एक पाय सोडवा, धारिता मोजणाऱ्या मीटरवर लावा. १०५के असेल तर ०.९ मायक्रोफॅरडपेक्षा कमी म्हणजे फेका. नवा घेताना ४०० व्होल्ट डीसीवाला पॉलिएस्टर घेऊ नका, दुकानात तोच आधी हातात देतात. २३० व्होल्ट एसीसाठी तो बनलेलाच नाही. अंगावर एक्स२ (मेनवर थेट लावायची प्रत) आणि २७५ किंवा ३०५ व्होल्ट एसी असं छापलेला हवा.

बळ पुरत नाही म्हणून १ च्या जागी २.२ ठोकण्याचा मोह होतो. करू नका. सगळे रिले बंद असताना तो सगळा प्रवाह झेनर (व्होल्टेज ठराविक आकड्यावर रोखणारा डायोड) खातो. १ मायक्रोफॅरडलाच २४ व्होल्टच्या झेनरवर दीड वॉट जळतात. म्हणून कित्येक बोर्डांवर झेनरखालची जागा काळी पडलेली दिसते. तिथे १ वॉटचा झेनर असेल तर ५ वॉटचा १एन५३५९ घाला आणि बोर्डापासून दोन-तीन मिलिमीटर उचलून डाग द्या. शेजारचा फिल्टर कपॅसिटर त्या उष्णतेनं सुकतो, तोही सोबतच बदला: ४७० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ अंशाचा. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीतल्या डब्यात आधीच भट्टी असते, ८५ अंशाचा तिथे टिकत नाही.

घरी जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल तर हे कार्ड तिथे चालवूच नये. चौकोनी लहरीच्या उभ्या कडा कपॅसिटरमधून सुयांसारखा प्रवाह ढकलतात. पुढचा ४७ ओमचा फ्यूज रेझिस्टर तापतो आणि लाइन गेल्यावर तासाभरात कार्ड मरतं. अशा घरात ५ व्होल्टचं छोटं तयार मॉड्यूल (हाय-लिंकचं एचएलके-पीएम०१, ३ वॉट, ६०० मिलिअँपिअर) वेगळं बसवून ५ व्होल्टचे रिले वापरा. हे मॉड्यूल १०० व्होल्टपर्यंत खाली आलेल्या लाइनवरही चालतं. मात्र ५ व्होल्टचा रिले ७० मिलिअँपिअरच्या वर घेतो, चारांचे तीनशेच्या जवळ जातात. मोबाइलच्या जुन्या चार्जरमधून निघालेलं कार्ड तिथे पुरेल असं धरून चालू नका.

चिप चांगली की वाईट: तीन सेलची परीक्षा

ही परीक्षा दहा मिनिटांची आहे आणि वाद मिटवते. टच मॉड्यूल बोर्डापासून पूर्ण वेगळं करा, मेनशी त्याचं काही नातं उरू देऊ नका. पेन्सिल सेल तीन, ४.५ व्होल्ट. पॉवर बँक नको. इतक्या कमी प्रवाहावर ती 'काही लावलेलंच नाही' समजून अर्ध्या मिनिटात झोपते. मॉड्यूलवर ज्या जाडीची काच होती तीच ठेवा.

नुसत्या सेलवर बटन मंद वाटेल, बोट दाबून धरावं लागेल. घाबरू नका. सेलवरच्या सर्किटला जमिनीचा आधार नसतो, त्यामुळे बोटाकडून येणारा रस्ता अर्धवट राहतो. जेवणाचं स्टीलचं ताट जमिनीवर पालथं घाला, सेलच्या निगेटिव्हपासून मीटरभर तार काढून ताटाला चिमट्यानं जोडा. बटन लगेच चपळ होतं. ताटाची तार काढा, पुन्हा मंद. एवढा खेळ एकदा डोळ्यांनी पाहिला की भुईचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही.

आता मॉड्यूल तासभर तसंच ठेवा. एकदाही आपोआप लागलं नाही तर चिप चांगली आहे, दोष पुरवठ्यात किंवा तारांत. सेलवरही लागत असेल तर मॉड्यूल धुवा (पुढे सांगितलंय), मगच चिप बदला.

पुरवठ्यात दोष ठरला तर त्यातली लहर मोजा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ५ व्होल्टच्या दोन टोकांना लावायचं, सगळे रिले लागलेले असताना. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. दोनशे रुपयांची मीटरं इथे फसवतात: एसीवर ठेवूनही डीसी मोजून ११ व्होल्ट दाखवतात, कारण आत नुसता डायोड असतो. प्रोबला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीज लावा, खरी लहर तेवढी दिसेल. बोर्ड कपॅसिटरवाला असेल तर हे सगळं मेनवर चाललंय हे विसरू नका: प्रोब आधी चिमट्यानं लावा, मग लाइन द्या.

उपाय: चिपला रिलेच्या पुरवठ्यापासून तोडा. ५ व्होल्टमधून १एन५८१९ डायोड (प्रवाह एकाच दिशेनं सोडणारा), त्याच्यापुढे चिपसाठी स्वतंत्र २२० मायक्रोफॅरड आणि चिपच्या पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड (१०४). चिप व तिचा एलईडी मिळून १ मिलिअँपिअर घेत असतील तर २२० मायक्रोफॅरड तिला तिसरा हिस्सा सेकंद तगवतो. फ्रीज सुरू होताना लाइन जी डोळा मिचकावते ती एवढ्यात निघून जाते. तोच कपॅसिटर रिलेसोबत सामाईक असेल तर ७० मिलिअँपिअरचा रिले तो पाच मिलिसेकंदांत रिकामा करतो. भाग तेच, फक्त एक डायोड मध्ये. रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ आहे ना तेही बघून घ्या; दुरुस्तीत तो हरवलेला बऱ्याचदा सापडतो.

भुई आणि अर्थिंग

खाटेवर बसून हात लावला तर धरत नाही, फरशीवर अनवाणी उभं राहून लावला तर धरतं, असं कोणी सांगितलं तर समजा बोर्डाला आधार नाही. मेनपासून वेगळ्या (एसएमपीएस) पुरवठ्यात ५ व्होल्टचं निगेटिव्ह घराच्या अर्थिंगला वाय१ प्रतीच्या (मेन आणि अर्थ यांच्यामध्ये लावायला बनवलेल्या) १ ते ४.७ नॅनोफॅरड कपॅसिटरमधून जोडावं. साधा डिस्क कपॅसिटर तिथे चालत नाही, तो शॉर्ट झाला तर जीवावर बेतेल.

पण अर्थिंग असलं तर. काळ्या मातीची खोड अशी की मार्च-एप्रिलमध्ये ती आकसते, भेगाळते आणि पाइपापासून सुटते. पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मेमध्ये नावापुरतं उरतं. पाइप निदान ३८ मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब, भोवती मीठ-कोळशाचे थर, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात दर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थच्या पिनेत जोडणं सर्रास चालतं. बाहेर न्यूट्रल तुटला की घरातली प्रत्येक लोखंडी वस्तू फेज होते. टच बोर्ड सुधारायला हा रस्ता नाही.

फेज-न्यूट्रल उलटेपालटे नाहीत ना हेही याच वेळी बघा. उलटं असेल तर रिले न्यूट्रल तोडतो, बल्ब बंद आणि होल्डर जिवंत.

पाऊस, रंगरंगोटी आणि कूलर

काचेची विद्युत-अपारकता (पदार्थ धारिता हवेच्या किती पट वाढवतो तो आकडा) ५ ते ८, पाण्याची ८०. काचेमागे ओलाव्याचा पापुद्रा आला की शेजारची दोन बटनं चिपला एकच वाटतात. पावसाळ्यात ओल चढलेली भिंत, दिवाळीआधी मारलेली आणि न सुकलेली पुट्टी, आणि कूलरची थेट झोतातली जागा ही तीन ठिकाणं आधी बघा. दिवाळीच्या रंगानंतर बिघडलेल्या बोर्डाला काही करू नका. डबा उघडून आत गेलेली पुट्टी खरवडा आणि चार दिवस सुकू द्या.

आधी कोणी दुरुस्ती केली असेल तर डाग दिलेल्या जागेवर बोट फिरवा (लाइन बंद). चिकट लागलं तर ती डबीतली सोल्डर पेस्ट. ती आम्लधर्मी असते, हवेतलं पाणी ओढते आणि चकतीपासून निगेटिव्हपर्यंत गळतीची वाट तयार करते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं दोनदा धुवा. पेट्रोल किंवा थिनर नको, थिनरनं काचेमागची छपाई निघते. सुकल्यावर मागच्या बाजूला पारदर्शक पीसीबी लॅकर मारा. स्प्रिंगच्या टोकाला आणि काचेला मारू नका. कापसाच्या दिवसांत घरात गंजी असेल तर डब्यात साचलेली तुसं ओलावा धरून ठेवतात, तीही झाडून काढा. पाल आत शिरू नये म्हणून पाइपाचं तोंड सिलिकॉननं बुजवा.

एवढं करूनही मॉड्यूल जास्तच हळवं असेल तर संवेदनशीलता उतरवा. टीटीपी २२३ च्या मॉड्यूलवर चकतीजवळ कपॅसिटरची एक रिकामी जागा सोडलेली असते. तिथे १० पिकोफॅरडपासून सुरुवात करा, नाही भागलं तर २२, मग ३३. ५० च्या पुढे जाऊ नये. काच ३ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर एवढंही उतरवू नका. आणि काच व चकतीमध्ये हवेची फट नको. अर्ध्या मिलिमीटरची फट अडीच ते चार मिलिमीटर काचेएवढं नुकसान करते. चकतीपासून चिपपर्यंतची तार जितकी आखूड तितकी बरी, आणि २३० व्होल्टच्या तारेसोबत एकाच पाइपातून नेऊ नका.

कूलरची मोटर किंवा पंप टच स्विचवर असेल तर बंद करताना मोटर जो झटका मागे फेकते त्यानं शेजारचं बटन लागतं. मोटरच्या टोकांना १०० ओम (१ वॉट) व ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ सिरीजमध्ये लावा. ही जोडी मोटरवर लावायची, रिलेच्या कॉन्टॅक्टवर नाही: कॉन्टॅक्टवर लावली तर तिच्यातून ७ मिलिअँपिअर कायम वाहतात आणि तिथे एलईडी बल्ब असेल तर बंद करूनही मिणमिणत राहतो. न्यूट्रल नसलेल्या दोन तारांच्या टच स्विचवर बल्ब मिणमिणतो त्याचंही कारण गळतीच. तिथे उलट बल्बच्या होल्डरला समांतर ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ लावला की थांबतं.

लाइन आली की सगळे दिवे लागतात

हे घरी जोडलेल्या मॉड्यूलचं दुखणं. टीटीपी २२३ च्या मॉड्यूलवरचा 'बी' टाका (डाग देऊन जोडायची जागा) जोडला की एका स्पर्शाला चालू, दुसऱ्याला बंद. अशा वेळी लाइन आल्यावर आउटपुट शून्यावर असतं. पण बाजारातलं निळ्या रिलेचं मॉड्यूल बऱ्याचदा शून्यावर ओढणारं, म्हणजे इनपुट शून्य असताना रिले लावणारं असतं. झालं, लाइन आली की रिले चालू. 'ए' टाकाही जोडा, म्हणजे सुरुवातीला आउटपुट वर राहील.

इंडक्शन शेगडीचं बटन धरत नसेल तर नव्वद टक्के काम काचेखालच्या स्प्रिंगचं असतं: प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, काच उचला, दबलेली स्प्रिंग चिमट्यानं दोन मिलिमीटर वर ओढा, टोकावरचा तेलाचा थर पुसा. चार्जिंगला लावल्यावर मोबाइलची स्क्रीन नाचत असेल तर मोबाइल उघडू नका, चार्जर बदलून बघा; दोष बहुधा त्या चार्जरच्या गळतीत असतो.

बल्ब विझतच नसेल, काचेवरचा एलईडी मात्र विझतो, तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. बोर्डावर टिचकी मारून सुटले तरी तो रिले ठेवू नका. आणि कूलरसाठी टच बटनाच्या मागे साधा खटक्याचा स्विच असू द्या, दोन्ही तारा तोडणारा. टाकीत पाणी भरताना, गवताच्या जाळ्या बदलताना तोच खाली करायचा.